शेवटच्या शेकानंतर आमची फाइल बंद करू नका

प्रति,
मा. मंत्री, सार्वजनिक आरोग्य विभाग, आणि
मा. मंत्री, वैद्यकीय शिक्षण विभाग,
महाराष्ट्र शासन, मुंबई.

विषय: गर्भाशयमुखाच्या व गर्भाशयाच्या कर्करोगासाठी रेडिएशन घेतलेल्या स्त्रियांच्या पाठपुराव्याबाबत.

महोदय,

एका पत्रावर दोन विभागांची नावे घातली आहेत, त्याचे कारण आधी सांगते. या कर्करोगांसाठी लागणारी रेडिएशनची यंत्रे राज्यात मोजक्या ठिकाणी आहेत आणि त्यांपैकी शासकीय महाविद्यालयांतली यंत्रे वैद्यकीय शिक्षण विभागाच्या अखत्यारीत येतात. उपचार संपवून बाई ज्या गावी परतते, तिथले प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय आणि उपजिल्हा रुग्णालय मात्र सार्वजनिक आरोग्य विभागाकडे असते. महाविद्यालय धरून चालते की आता तिला तिच्या गावाकडचे डॉक्टर पाहतील. गावाकडचे डॉक्टर म्हणतात, जिथे ट्रीटमेंट झाली तिथेच दाखवा. या टोलवाटोलवीत ती कोणाचीच रुग्ण राहत नाही. म्हणून हे पत्र दोघांनाही, आणि ज्यांच्या घरात अशी एखादी बाई आहे त्या सर्वांनाही.

मी धाराशिव जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवते. चाळिशी ओलांडल्यावर मला गर्भाशयमुखाचा कर्करोग निघाला, दुसऱ्या टप्प्यातला. शस्त्रक्रिया करून भागणार नाही पण बरा होऊ शकेल, असा. शेजारच्या जिल्ह्यातल्या एका केंद्रात माझ्यावर ठरलेले उपचार झाले: पाच आठवडे सोमवार ते शुक्रवार बाहेरून शेक (रेडिएशनला आम्ही शेकच म्हणतो), दर आठवड्याला सिस्प्लॅटिन या कर्करोगाच्या औषधाची सलाईन आणि शेवटी आतून शेक, म्हणजे ब्रेकीथेरपी. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेमुळे उपचाराचा खर्च आमच्या अंगावर आला नाही. यंत्रावर रात्री उशिरापर्यंत काम करणारे तंत्रज्ञ, भूल उतरेपर्यंत डोक्यावर हात ठेवून बसणाऱ्या सिस्टर आणि तिथले डॉक्टर यांच्याबद्दल माझ्या मनात कृतज्ञताच आहे. त्या रांगेत ओळख झालेल्या बायकांशी आजही फोनवर बोलणे होते. त्यांतल्या कित्येकींना लिहितावाचता येत नाही, त्यामुळे दवाखान्याचे कागद फोटो काढून माझ्याकडे येतात. या पत्रातला बराचसा मजकूर त्यांचाच आहे.

आमची तक्रार उपचारांबद्दल नाही. उपचार संपल्याच्या दुसऱ्या दिवसापासून पुढे जे काही होत नाही, त्याबद्दल आहे.

शेवटच्या दिवशी मला मिळालेल्या कार्डावर इंग्रजीत दोन ओळी होत्या: उपचार पूर्ण, एक महिन्याने दाखवणे. बाहेरून किती मात्रा दिली, आतून किती आणि कितीदा, सिस्प्लॅटिनचे किती डोस झाले, यांपैकी काहीही त्यावर नव्हते. बोटभर जाडीची एक प्लॅस्टिकची नळी कागदात गुंडाळून हातात दिली आणि ‘आठवड्यातून दोन-तीनदा वापरत जा, नाहीतर जागा आक्रसेल’ असे व्हरांड्यात, दोन स्ट्रेचरच्या मधे उभे राहून सांगितले. कशी वापरायची, किती महिने, दुखले किंवा रक्त आले तर काय करायचे, हे सांगायला वेळ नव्हता. मागे रांग होती. माझ्या मागे उभ्या असलेल्या बाईंनी ती नळी घरी गेल्यावर पत्र्याच्या पेटीत तळाशी टाकली आणि पुन्हा काढली नाही, कारण दोन खोल्यांच्या घरात सहा माणसांमध्ये ती वापरणार कुठे.

कदाचित शासनाच्या मनात असे असेल की हा आजार झालेली बाई फार दिवस राहत नाही, तेव्हा तिच्या पुढच्या वर्षांची योजना कशाला. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात वर्षाला गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख २७ हजार नवे रुग्ण आढळतात आणि सुमारे ८० हजार स्त्रिया दगावतात, हे खरेच आहे. पण मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने आजार बराच पसरलेल्या, म्हणजे ३-ब टप्प्यातल्या ८५० स्त्रियांचा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध केला, त्यात रेडिएशनबरोबर सिस्प्लॅटिन घेतलेल्यांपैकी ५४ टक्के स्त्रिया पाच वर्षांनंतर हयात होत्या. इतक्या पुढच्या टप्प्यातल्या निम्म्याहून अधिक बायका पाच वर्षे काढतात, तर आमच्यासारख्या आधीच्या टप्प्यातल्या त्याहून जास्त काढतात. आम्ही पोळ्या लाटतो, मजुरीला जातो, शाळेत शिकवतो, नातवंडे सांभाळतो. आमचा विचार व्हायला हवा तो जगणाऱ्या माणसांचा.

आता तक्रारी.

पहिली आणि सर्वांत मोठी तक्रार अशी की, रेडिएशनचे उशिरा दिसणारे परिणाम ओळखणारे माणूस आमच्या तालुक्यात नाही. गर्भाशयाच्या पुढे मूत्राशय आणि मागे गुदाशय असते. शेक कितीही जपून दिला तरी त्याची धग या दोघांना लागते. तिथल्या बारीक रक्तवाहिन्या महिन्यांमागून महिने आकसत जातात, आतले अस्तर पातळ आणि नाजूक होते आणि शौचाच्या वाटेने रक्त पडू लागते, बहुधा उपचार संपून सहा महिने ते दोन वर्षे झाल्यावर. लघवीतून रक्त जाणे तर कित्येक वर्षांनीही सुरू होऊ शकते. तोवर बाईच्याही मनातून शेक गेलेला असतो आणि केसपेपर काढणाऱ्याच्या तर तो गावीही नसतो. मग काय होते ते सांगते. रक्त पडते म्हणून ती जवळच्या डॉक्टरांकडे जाते, तिथे मूळव्याध ठरते, मूळव्याधीची इंजेक्शने होतात. सतत जुलाब होतात म्हणून आवेच्या गोळ्या चालू राहतात. लघवीला जळजळते म्हणून प्रत्येक वेळी नवे अँटिबायोटिक. आमच्यातल्या एका बाईंच्या गुदाशयाच्या पुढच्या भिंतीचा तुकडा तपासणीसाठी घेतला गेला. शेक घेतलेल्या बाईच्या त्या जागेचा तुकडा शक्यतो घ्यायचा नसतो, कारण ती जखम भरत नाही, हे रेडिएशनच्या डॉक्टरांना ठाऊक असते. तुकडा घेणाऱ्या डॉक्टरांना शेकाची कल्पनाच नव्हती, आणि असणार तरी कशी, कार्डावर काही नव्हते. काही महिन्यांत योनीमार्गातून मळ येऊ लागला. आज त्या पोटावर पिशवी लावून राहतात, लग्नकार्याला जात नाहीत, एसटीत बसत नाहीत.

हे अपवादात्मक नशीब आहे असे कोणी म्हणेल, म्हणून आकडे देते. टाटा मेमोरियलनेच शस्त्रक्रियेनंतर रेडिएशन घेतलेल्या ३०० स्त्रियांवर केलेला अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. नेहमीच्या पद्धतीने शेक घेतलेल्यांपैकी तीन वर्षांत सुमारे ४२ टक्के स्त्रियांना आतड्यांचा मध्यम किंवा त्याहून तीव्र त्रास झाला. प्रतिमांच्या आधारे आतडी वाचवत दिलेल्या अद्ययावत शेकात हे प्रमाण २१ टक्क्यांवर आले. म्हणजे उत्तमात उत्तम यंत्रावरही पाचांतल्या एकीला त्रास होतोच, आणि आपल्या सर्व केंद्रांवर ती सोय अजून नाही. हे आकडे आज आपल्या हाती आहेत, ते त्या स्त्रियांना कोणीतरी वर्षानुवर्षे परत बोलावून विचारले म्हणून. आम्हाला कोणी विचारले नाही, म्हणून आमचे आकडे नाहीत.

आणि यावर इलाज नाही असेही नव्हे. रक्त पडणाऱ्या जागी दुर्बिणीतून आर्गॉन वायूच्या साहाय्याने डाग देता येतो, सुक्राल्फेटचा एनिमा स्वस्त आहे आणि ग्रामीण रुग्णालयातही देता येतो. जुलाबांचे कारण कधी पित्तक्षार, कधी आतड्यातल्या जीवाणूंची वाढ, कधी ब-१२ ची कमतरता असते आणि प्रत्येकाचे औषध वेगळे. लंडनमध्ये पोटाच्या खालच्या भागाला रेडिएशन घेतल्यानंतर अशा तक्रारी असलेल्या २१८ रुग्णांचा एक अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. ठरवून दिलेल्या पायऱ्यांप्रमाणे तपासणी आणि उपचार करणाऱ्या प्रशिक्षित परिचारिकेकडे गेलेल्या रुग्णांना पोटविकारतज्ज्ञाकडे गेलेल्यांइतकाच आराम पडला, आणि नुसती माहितीपुस्तिका मिळालेल्यांपेक्षा दोन्ही गटांना अधिक. प्रत्येक तालुक्याला पोटविकारतज्ज्ञ द्या, असे म्हणण्याइतके आम्ही भाबडे नाही. जिल्ह्याला एक तयार परिचारिका मागणे मात्र फाजील नसावे.

दुसरी तक्रार आजार उलटण्याबद्दलची आहे. हा कर्करोग परत येतो तो बहुतेक वेळा पहिल्या दोन-तीन वर्षांत, म्हणून पहिली दोन वर्षे दर तीन ते सहा महिन्यांनी, पुढे पाचव्या वर्षापर्यंत सहा ते बारा महिन्यांनी आणि नंतर वर्षातून एकदा तपासावे, असा सर्वमान्य प्रघात आहे. तपासणीत फार काही लागत नाही: नीट विचारपूस, स्पेक्युलम, म्हणजे आतले दिसावे म्हणून योनीमार्ग उघडणारे साधन, लावून पाहणे, योनीमार्गातून आणि गुदद्वारातून बोटाने तपासणे, गाठी चाचपणे. आजार मधोमधच, थोड्या जागेत उलटला असेल आणि वेळेत कळला तर काही जणींना मोठी शस्त्रक्रिया करून वाचवता येते. बाजूला उलटला किंवा शेकाने मूत्रवाहिनी आकसली तर मूत्रपिंड काहीही न दुखता निकामी होऊ शकते. ते एका सोनोग्राफीत आणि रक्तातल्या क्रिएटिनिनच्या तपासणीत कळते आणि या दोन्ही सोयी उपजिल्हा रुग्णालयात असतात. असे असताना या तपासणीसाठी प्रत्येक वेळी पुन्हा लांबच्या केंद्रावर जायला सांगितले जाते. २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धे तिकीट आहे, त्याचा उपयोग होतो, नाही म्हणत नाही. पण सोबत येणाऱ्या माणसाची मजुरी बुडते, मुक्काम पडतो, आणि दिवसभर रांगेत बसल्यावर दोन मिनिटांत ‘ठीक आहे, तीन महिन्यांनी या’ असे ऐकून परतावे लागते. ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांचे तर दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंतचे सगळे महिने कारखान्याच्या फडावर जातात, कधी राज्याबाहेर. त्यांची तारीख चुकते आणि चुकलेल्या तारखेनंतर कोणी फोन करत नाही. आमच्याकडे बायकांना दुखणे अंगावर काढायची सवय आहेच; इथे व्यवस्थाच त्यांना ते अंगावर काढायला लावते.

तिसरी तक्रार जन आरोग्य योजनेची. राज्याच्या योजनेत मूळ ९७१ उपचारांबरोबर १२१ पाठपुरावा पॅकेजेस होती. म्हणजे काही आजारांत उपचारानंतरची तपासणी हा उपचाराचाच भाग आहे, हे तत्त्व शासनाने तेव्हाच मान्य केले. तरीही आमच्यापैकी जी जी आरोग्यमित्राच्या, म्हणजे योजनेचे काम पाहणाऱ्या रुग्णालयातल्या कर्मचाऱ्याच्या, टेबलाशी गेली, तिला ‘ॲडमिट झाल्याशिवाय बसत नाही’ हेच उत्तर मिळाले. दुर्बिणीची तपासणी, रक्त, सोनोग्राफी, औषधे, सगळे पदरचे. कर्करुग्णांना ठरावीक मुदतीच्या तपासणीसाठी जातानाही रेल्वेच्या भाड्यात सवलत मिळते. रेल्वेला जे पटले ते आरोग्य विभागाला पटायला हरकत नसावी.

चौथ्या गोष्टीबद्दल आमच्याकडे कोणी उघड बोलत नाही, पण खुल्या पत्रात ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. शेकाने बीजांडे निकामी होतात आणि पस्तिशीच्या बाईचीही पाळी कायमची जाते. रात्री अंगाची आग होते, झोप उडते, हाडे वेळेआधी ठिसूळ होतात, कमरेच्या हाडाला बारीक तडे जाऊन चालणे अवघड होते आणि ते संधिवात म्हणून खपते. तरुण वयात शेक घेतलेल्या, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या बहुतेक रुग्णांना संप्रेरकांची औषधे देता येतात, त्याबद्दल आमच्यापैकी एकीलाही कोणी विचारले नव्हते. योनीमार्ग कोरडा पडतो, आक्रसतो, कधी चिकटून बंद होतो. नवऱ्याजवळ जाता येत नाही आणि का येत नाही हे सांगताही येत नाही. ‘शेक घेतलेल्या बाईजवळ गेल्यास कॅन्सर लागतो’ असा समज गावोगाव आहे आणि तो दवाखान्यात कोणी खोडून काढत नाही. त्यापायी काही जणींना कायमचे माहेरी पाठवले गेले आहे. कोणाला हा प्रश्न जिवापुढे गौण वाटत असेल, तर त्यांनी एवढेच ध्यानात घ्यावे की योनीमार्ग बंद झाला की आत आजार उलटला आहे का, हे डॉक्टरांना तपासताच येत नाही. ती नळी संसारासाठी लागते तशीच तपासणीसाठीही लागते. व्हरांड्यात द्यायची ती वस्तू नव्हे.

पाचवी तक्रार थोडक्यात. राज्यातल्या केंद्रांमधून दरवर्षी किती स्त्रिया हा उपचार पूर्ण करतात आणि त्यांतल्या किती जणी दोन वर्षांनंतर तपासणीला येतात, हे कुठेही जाहीर होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली ठरवलेली २०३० पर्यंतची तीन उद्दिष्टे आपल्या बैठकांमध्ये असतीलच: ९० टक्के मुलींना लस, ७० टक्के स्त्रियांची तपासणी, ९० टक्के रुग्णांना उपचार. दवाखान्याच्या भिंतींवर लस आणि तपासणीची पोस्टर्स लागतात, ती लागलीच पाहिजेत. उपचार झालेल्या बाईसाठी मात्र चौथा आकडा कोणी ठेवलेला नाही आणि पोस्टरही नाही.

हे शक्य नाही असे कोणी म्हणू नये, निदान आमच्या भागाबद्दल तरी. आमच्या शेजारच्या बार्शीत १९८७ साली देशातली पहिली ग्रामीण लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी सुरू झाली. तिचे कार्यकर्ते गावोगाव फिरून, लोकांशी बोलून रुग्ण शोधत. बार्शीच्याच नर्गिस दत्त रुग्णालयाच्या आणि टाटा मेमोरियलच्या मदतीने आमच्या तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात १ लाख ३१ हजारांहून अधिक स्त्रियांचा अभ्यास झाला आणि एकदाच केलेल्या एचपीव्हीच्या, म्हणजे हा कर्करोग घडवणाऱ्या विषाणूच्या, तपासणीने या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात, हे २००९ साली जगाला कळले. त्या बायका खेड्यातल्याच होत्या, शेतात राबणाऱ्या, आणि त्यांचा माग आठ वर्षे ठेवला गेला. ज्या जिल्ह्यातल्या स्त्रियांचा शास्त्रासाठी इतका काटेकोर माग ठेवता आला, तिथे त्यांच्या स्वतःसाठी तो ठेवता येऊ नये, हे आम्हाला मान्य नाही.

आमच्या मागण्या अशा आहेत.

उपचार संपताना प्रत्येक स्त्रीला मराठीत छापलेला उपचार-सारांश मिळावा. त्यात आजाराचा टप्पा, बाहेरच्या व आतल्या शेकाची मात्रा आणि तारखा, औषधे, पुढच्या पाच वर्षांच्या तपासणीच्या तारखा आणि केंद्राचा चालू असलेला फोन नंबर असावा. कोणत्याही डॉक्टरला दिसेल अशा ठळक अक्षरांत ‘पोटाच्या खालच्या भागाला रेडिएशन झाले आहे, रेडिएशन विभागाला विचारल्याशिवाय गुदाशयाचा तुकडा घेऊ नये’ एवढी सूचना त्यावर असली, तरी एखाद्या बाईची पोटावरची पिशवी टळेल.

प्रत्येक उपजिल्हा रुग्णालयात महिन्यातला एक ठरावीक दिवस या तपासणीसाठी राखून ठेवावा आणि तिथल्या स्त्रीरोगतज्ज्ञांना व एका परिचारिकेला उशिरा दिसणाऱ्या परिणामांचे प्रशिक्षण द्यावे. दुरून डॉक्टरांचा सल्ला देणारी ई-संजीवनीची व्यवस्था आहेच. तिच्यातून त्या दिवशी रेडिएशन विभागाचे डॉक्टर उपलब्ध असावेत. अडचणीच्या रुग्णालाच पुढे पाठवावे, म्हणजे मोठ्या केंद्रावरची गर्दीही कमी होईल. हा उपचार-सारांश राज्यात कुठेही चालावा, म्हणजे ऊसतोडीला गेलेली बाई फडाजवळच्या रुग्णालयातही दाखवू शकेल.

तारीख चुकलेल्या स्त्रीला केंद्राने पंधरा दिवसांच्या आत फोन करावा. हे काम सरसकट गावच्या आशाताईंवर टाकू नये. त्या आमच्याच गल्लीतल्या असतात आणि आपला आजार गावभर व्हावा अशी कोणाचीच इच्छा नसते. ज्या स्त्रीने लेखी संमती दिली असेल तिचेच नाव आशाताईंना कळवावे.

दाखल न होता करायच्या तपासण्या, गुदाशयाची आणि मूत्राशयाची दुर्बीण, आर्गॉनचा उपचार, मूत्रवाहिनीत घालायची नळी, फिस्टुलाची (मळ किंवा लघवी योनीमार्गात येऊ देणाऱ्या भोकाची) शस्त्रक्रिया आणि पोटावरच्या पिशव्यांचा नियमित पुरवठा हे सर्व योजनेत पाठपुरावा म्हणून स्पष्ट शब्दांत घालावे आणि ती यादी आरोग्यमित्राच्या टेबलावर मराठीत लावावी.

नळी देताना बंद दाराची खोली, स्त्री समुपदेशक आणि पुरेसा वेळ असावा. नवऱ्यालाही एकदा बोलावून हा आजार जवळ गेल्याने लागत नाही, हे डॉक्टरांनीच सांगावे. लवकर पाळी गेलेल्या स्त्रियांची संप्रेरके आणि हाडे यांची तपासणी सुरू करावी.

आणि प्रत्येक केंद्राने दरवर्षी दोन आकडे प्रसिद्ध करावेत: किती स्त्रियांचे उपचार पूर्ण झाले, आणि दोन वर्षांनंतर त्यांतल्या किती जणींची खबर केंद्राकडे आहे.

यासाठी नवी इमारत लागत नाही आणि नवे यंत्रही लागत नाही. दोन्ही विभागांच्या सचिवांनी एकत्र बसून एक परिपत्रक काढावे लागेल, काही परिचारिकांना प्रशिक्षणाला पाठवावे लागेल आणि योजनेच्या यादीत दुरुस्ती करावी लागेल. येत्या अर्थसंकल्पी अधिवेशनापूर्वी हे परिपत्रक निघावे आणि त्याचा मसुदा करताना उपचार घेतलेल्या किमान दोन स्त्रियांना बैठकीला बोलवावे, अशी आमची विनंती आहे. बैठक मुंबईत असली तरी आम्ही येऊ.

आपली,
गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे उपचार घेतलेली एक शिक्षिका,
आणि तिच्याबरोबर शेक घेतलेल्या मैत्रिणी
धाराशिव जिल्हा